नातलगाची साक्ष: तेलजन्य रसायनांची परीक्षा आणि आमच्या डोंगरांतील सीताफळाची बी

शितावरून भाताची परीक्षा करावी असें आपल्याकडे म्हणतात, आणि चुलीपुढें बसणाऱ्या बाईस हा नियम सहसा फसवीत नाहीं. मात्र त्यांत एक अट गृहीत धरलेली असते, जी कोणी बोलून दाखवीत नाहीं. शीत त्याच भांड्यांतलें असलें पाहिजे. शेजारच्या चुलीवरील शीत चेपून आपला भात शिजला, असें कोणी म्हणत नाहीं. रसायनांच्या विषारीपणाचा निवाडा करण्याची जी एक रीत अलीकडे जगभर रूढ होत चालली आहे, तिचें सारें मर्म या न बोललेल्या अटींत आहे. एका पदार्थाची परीक्षा झालेली नसली तर त्याच्या परीक्षा झालेल्या नातलगांकडे पाहून त्याचा गुणदोष ठरवावयाचा, अशी ती रीत. तेलापासून निघणाऱ्या रसायनांस ती विशेषेंकरून लावली जाते. आपला बीड जिल्हा सरकीचा, तेलबियांचा आणि सीताफळाचा असल्यामुळें ही गोष्ट केवळ प्रयोगशाळेंतील पंडितांची आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

हा विषय आज हातीं घेण्याचें कारण असें. फवारणीचीं औषधें विकणारे लोक अलीकडे एक वाक्य फार सहज उच्चारतात: "हें तेलापासून केलेलें आहे, यांत विष कसलें?" बालाघाटच्या डोंगरांतील सीताफळाची बीही याच वाक्याच्या आधारानें बाजारांत येऊं पाहत आहे. बीडच्या सीताफळास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानें निवडलेलें 'धारूर ६' हें वाण वाचकांस ठाऊक आहेच. फळास मान मिळाला, गर काढून विकण्याचा धंदा वाढला, आणि गर काढल्यावर मागें राहिले ते बियांचे ढीग. या बियांत शेंकडा वीस ते तीस तेल असतें. ज्यांत तेल आहे तें फेकून द्यावें हें कोणाही कुणब्यास रुचणार नाहीं. तेव्हां या तेलाचें काय करावें, आणि तें निर्धोक आहे असें कोणीं व कशाच्या जोरावर म्हणावें, हा प्रश्न आपल्या बांधावर येऊन ठेपला आहे.

प्रथम तेल म्हणजे काय, हें थोडें उकलून पाहूं. घाण्यांतून निघणारें कोणतेंही गोडें तेल म्हणजे ग्लिसरीन नांवाच्या एका लहान घटकास चिकटलेल्या तीन लांब साखळ्या. या साखळ्यांस वसाम्लें म्हणतात. इंग्रजी शिकलेले लोक त्यांस फॅटी ॲसिड म्हणतात. साखळीचे मणी कार्बनचे असतात आणि ते मोजतां येतात. नारळाच्या तेलांत मुख्यत्वें बारा मण्यांची साखळी, ताडतेलांत सोळा व अठरा मण्यांच्या, आपल्या करडईंत अठरा मण्यांची आणि दोन ठिकाणीं दुहेरी जोड असलेली, एरंडींत तीच अठरा मण्यांची पण एका मण्यास जास्तीचा एक प्राणवायु-जलवायूचा गोंडा लागलेली. तेलास दाहक क्षार लाविला कीं ग्लिसरीन सुटून साबण होतो. साखळीस ग्लिसरीनऐवजीं दुसरा सोबती जोडला कीं निराळींच द्रव्यें होतात. फवाऱ्याचें औषध पाण्यांत मिसळविणारीं, पानावर पसरविणारीं, चिकटविणारीं कित्येक द्रव्यें याच घराण्यांतलीं आहेत. घराणें मोठें आहे आणि नातीं सरळ आहेत. म्हणूनच नातलगांच्या साक्षीवर निवाडा देण्याची रीत येथें चटकन रुजली.

आतां 'जनुकीय विषारीपणा' म्हणजे काय तें पाहूं. विष म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें उलट्या, फेस आणि दवाखाना येतो. हें विष तसें नव्हे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यांत त्या जीवाच्या गुणांची एक सूक्ष्म लिखित साखळी असते, तीस डी.एन.ए. म्हणतात. कांहीं द्रव्यें या लिखाणांत खाडाखोड करतात. त्या दिवशीं माणसास कांहींच जाणवत नाहीं. पण वर्षानुवर्षांनीं त्यांतून कर्करोग उद्भवूं शकतो, आणि खाडाखोड बीजपेशींत झाली तर ती पुढच्या पिढीस वारशानें जाऊं शकते. बियाण्यांतील भेसळ पेरतांना दिसत नाहीं, कणसें बाहेर पडल्यावर दिसते. त्यांतलाच हा प्रकार. अशा विषाची आणखी एक वाईट खोड अशी कीं, अमुक मात्रेच्या खालीं तें खास निर्धोक आहे अशी रेघ त्याच्या बाबतींत सहसा ओढतां येत नाहीं.

अशी खाडाखोड ओळखण्याची सोपी युक्ति अमेरिकेंतील बर्कली विद्यापीठाचे ब्रूस एम्स यांनीं बसविली. आज तीस एम्स परीक्षा म्हणतात. साल्मोनेला जातीचे असे जीवाणू घ्यावयाचे कीं ज्यांस हिस्टिडीन नांवाचें आवश्यक द्रव्य स्वतः बनवितां येत नाहीं, कारण त्यांच्या लिखाणांत एक चूक मुद्दाम राखलेली असते. हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या ताटलीवर ते वाढत नाहींत. त्यांवर संशयित द्रव्य घालावयाचें. द्रव्य जर लिखाणांत खाडाखोड करणारें असेल, तर कांहीं जीवाणूंत ती जुनी चूक योगायोगानें दुरुस्त होते आणि ताटलीवर ठिपके उगवतात. ठिपके मोजावे, कीं द्रव्याचा स्वभाव कळला. १९७३ मध्यें एम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तींत एक महत्त्वाची भर घातली: द्रव्याबरोबर उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळावयाचा. कारण कित्येक द्रव्यें मुळांत निरुपद्रवी असतात आणि शरीरांत शिरल्यावर यकृतच त्यांस विष बनवितें. वाचकांनीं ही भर ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतीं फिरतें.

मग प्रत्येक द्रव्याचीच परीक्षा कां करूं नये? असा आग्रह धरणारे सज्जन आहेत आणि त्यांचा हेतु शुद्ध आहे. परंतु जगांत व्यापारांत असलेलीं द्रव्यें हजारोंनीं मोजावीं लागतात. जीवाणूंची परीक्षा स्वस्त, पण ती एकटी पुरेशी नसते. त्यापुढें सस्तन प्राण्यांच्या पेशींवर आणि मग जिवंत प्राण्यांवर परीक्षा कराव्या लागतात. त्यांस पैसा लागतो, वर्षें लागतात आणि असंख्य मुक्या जनावरांचे प्राण जातात. युरोपांतील राष्ट्रांनीं २००६ मध्यें रसायनांविषयीं जो मोठा कायदा केला, त्यांत नातलगाच्या परीक्षेवरून निवाडा करण्यास म्हणूनच रीतसर मुभा ठेवली. त्याच कायद्यांत नैसर्गिक तेलांपासून मिळालेलीं, रासायनिक फेरफार न केलेलीं, सहा ते चोवीस मण्यांचीं वसाम्लें आणि त्यांचे साधे क्षार यांस नोंदणींतूनही सूट दिली, मात्र तीं धोकादायक म्हणून वर्गीकृत झालेलीं नसावींत अशी अट घालून.

आमचें मत या रीतीच्या बाजूचें आहे, आणि तें आम्ही स्पष्ट सांगतों. प्रत्येक द्रव्याच्या प्रत्येक परीक्षेचा आग्रह धरला तर तो खर्च सोसणारे फक्त मोठे कारखानदार उरतील. करंजाच्या तेलाचा मऊ साबण करून करडईवरील मावा धुऊन काढणाऱ्या एखाद्या सहकारी संघास तो खर्च कधींच झेपणार नाहीं, आणि ज्याचा निर्धोकपणा शतकांच्या वापरानें व नातलगांच्या परीक्षांनीं पुरेसा दिसत आहे असा साबण बाजूस पडून त्याहून कितीतरी जहाल औषध दुकानांत राहील. नातलगाची साक्ष ही गरिबाची साक्ष आहे. पण याच कारणानें ती चोख असली पाहिजे. गरिबाचा एकुलता साक्षीदार खोटा निघाला तर त्याचा सारा खटलाच बुडतो.

ही साक्ष खरी केव्हां ठरते तें पाहूं. साध्या वसाम्लांच्या बाबतींत ती भक्कम आहे. बारा मण्यांचें वसाम्ल पाहिलें, अठरा मण्यांचें पाहिलें, तर मधल्या चौदा व सोळा मण्यांच्या वसाम्लांबद्दल अनुमान करण्यास हरकत नाहीं. कारण शरीर या सर्वांस एकाच तऱ्हेनें मोडतें: शेवटाकडून दोन दोन मणी तोडीत जातें आणि त्यांतून उष्णता व शक्ति मिळवितें. लांबी वेगळी, पण वाट एकच आणि शेवटही एकच. या साध्या वसाम्लांनीं एम्स परीक्षेंत खाडाखोड दाखविलेली नाहीं. (तरीही त्यांचा साबण कडक उन्हांत दाट करून फवारला तर कोंवळीं पानें करपतात आणि डोळ्यांत गेला तर आग होते, जनुकीय विष नाहीं याचा अर्थ कसलीच इजा नाहीं असा कोणी घेऊं नये.) तात्पर्य, येथें शीत खरोखरच त्याच भांड्यांतलें आहे.

आतां ताडतेलाची गोष्ट ऐका, म्हणजे नात्याची दुसरी बाजू दिसेल. ताडतेल आपल्या देशांत परदेशांतून अफाट प्रमाणावर येतें आणि करडई-भुईमुगाच्या तेलाचा भाव पाडतें, हें आम्ही वेगळें सांगावयास नको. तें शुद्ध करतांना त्याचा वास घालविण्यासाठीं दोनशें अंशांहून अधिक उष्णता देतात. या उष्णतेंत तेलाचा कांहीं अंश बदलतो आणि वसाम्लाच्या साखळीस ग्लिसरीनऐवजीं ग्लिसिडॉल नांवाचा सोबती जोडलेला आढळतो. ग्लिसरीन आणि ग्लिसिडॉल यांत अंतर केवढें, तर पाण्याच्या एका रेणूचें. एकांतून पाणी गेलें कीं दुसरें होतें. नांवें जुळीं, रूप जवळजवळ जुळें. पण ग्लिसरीन आपण औषधांत घेतों, आणि ग्लिसिडॉल हें जनुकांत खाडाखोड करणारें व प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारें द्रव्य आहे. पाणी गेल्यामुळें त्याच्या अंगीं तीन अणूंचें एक ताणलेलें कडें तयार होतें, आणि तें कडें उघडतांना डी.एन.ए.स जाऊन बिलगतें.

मग ताडतेलांतील त्या जोडद्रव्याचा निवाडा कोणत्या नातलगावरून करावयाचा? वसाम्लाकडे पाहिलें तर निर्दोष. ग्लिसिडॉलकडे पाहिलें तर दोषी. उत्तर नांवांत नाहीं, पोटांत आहे. अन्न पचविणारे रस हें जोडद्रव्य आंतड्यांत तोडतात आणि ग्लिसिडॉल मोकळें सुटतें. म्हणून युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २०१६ मध्यें असें धरून चालण्याचें ठरविलें कीं, जोडद्रव्यांतील सर्वच ग्लिसिडॉल शरीरांत मोकळें होतें, आणि ग्लिसिडॉलच्याच परीक्षांवरून जोडद्रव्याचा निवाडा दिला. त्याआधीं, २००९ मध्यें, जपानांत काओ कंपनीनें आपलें एक आरोग्यकारक म्हणून प्रसिद्ध असलेलें स्वयंपाकाचें तेल याच जोडद्रव्याच्या शंकेमुळें बाजारांतून काढून घेतलें होतें. २०१८ मध्यें युरोपांत खाद्य तेलांसाठीं त्याची मर्यादा किलोस एक हजार मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम, अशी ठरली. आणि आनंदाची गोष्ट ही कीं, ओरड झाल्यावर कारखान्यांनीं शुद्धीकरणाची रीत सुधारली. २०१० ते २०१५ या पांच वर्षांत ताडतेलांतील या द्रव्याचें प्रमाण निम्म्यावर आल्याचें त्याच युरोपीय संस्थेनें नमूद केलें. निवाडा योग्य नातलगावरून झाला म्हणून सुधारणा झाली. 'तेलच तें' म्हणून बसले असते तर जोडद्रव्य आजही तेवढेंच राहिलें असतें.

थोडें घराकडे वळूं. सरकीच्या तेलांत साध्या वसाम्लांबरोबर दोन निराळीं वसाम्लें थोड्या प्रमाणांत असतात: मालव्हॅलिक आणि स्टर्क्युलिक. मणी मोजले तर तीं इतरांचीं सख्खीं भावंडें. पण त्यांच्या साखळीच्या मध्यें तीन कार्बनांचें एक कडें अडकलेलें आहे. तेल तपासणारे हॅल्फेनच्या परीक्षेनें, तेल तापवून येणाऱ्या तांबड्या रंगावरून, सरकीची भेसळ ओळखतात ती या कड्यामुळेंच. अमेरिकेंत ओरेगॉनच्या विद्यापीठांत ट्राउट जातीच्या माशांवर १९६० नंतरच्या दशकांत प्रयोग झाले. बुरशीचें अफ्लाटॉक्सिन हें विष खाऊं घातलेल्या माशांस हीं कडेवालीं वसाम्लेंही दिलीं, तेव्हां यकृतांतील गांठी बऱ्याच वाढल्या. साध्या वसाम्लांच्या साक्षीवरून हें कोणास कधींच कळलें नसतें. शुद्ध केलेल्या खाद्य सरकी-तेलांत हीं वसाम्लें बहुतांशीं नष्ट होतात, तेव्हां घरांतल्या तेलाच्या डब्याकडे भीतीनें पाहण्याचें कारण नाहीं.

अफ्लाटॉक्सिनचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १९६० मध्यें इंग्लंडांत लाखाहून अधिक टर्की कोंबडे भुईमुगाच्या पेंडीनें मेले, आणि त्या पेंडींतील बुरशीच्या तपासांतून हें विष सांपडलें. तें वसाम्लांच्या घराण्यांतलें मुळींच नाहीं. पण यकृतांत गेल्यावर त्याच्या अंगीं ग्लिसिडॉलसारखेंच तीन अणूंचें ताणलेलें कडें तयार होतें आणि तेंही डी.एन.ए.स तसेंच बिलगतें. यावरून दोन गोष्टी कळतात. एक, खरें नातें कधींकधीं घराण्याबाहेर असतें. दोन द्रव्यांची करणी एक असेल तर तीं एकमेकांचीं साक्षीदार होऊं शकतात, कुळ वेगळें असलें तरी. आणि दुसरी, पावसांत भिजून बुरसलेली सरकीची किंवा भुईमुगाची पेंड गुरांपुढें टाकणाऱ्यानें तेलाच्या रसायनांची चिंता मागाहून करावी. दुभत्या जनावरास अशी पेंड घातली तर त्या विषाचा अंश दुधांत उतरतो. हें सांगून आम्ही मूळ विषयापासून थोडे दूर आलों, पण गोठ्यांतील गोष्ट आधीं.

सीताफळाच्या बीकडे येऊं. तिच्या तेलाचा मोठा भाग साध्या वसाम्लांचाच आहे, आणि 'यांत विष कसलें' म्हणणारे तेवढ्यावरच बोट ठेवतात. परंतु त्याच बीमध्यें ॲसिटोजेनिन नांवाच्या द्रव्यांचा एक गट असतो. पस्तीस किंवा सदतीस मण्यांचीं हीं द्रव्यें झाडानें वसाम्लांच्या साखळ्यांपासूनच घडविलेलीं आहेत. म्हणजे जन्मानें तीं वसाम्लांचीं लेकरें होत. तरीही त्यांचा स्वभाव आईबापांचा नाहीं. साधें वसाम्ल पेशीच्या चुलींत जळण म्हणून जातें, आणि ॲसिटोजेनिन ती चूलच विझवितें: पेशींतील शक्ति उत्पन्न करणाऱ्या यंत्राचा पहिलाच दुवा तें बंद पाडतें. म्हणूनच किडे त्यानें मरतात, म्हणूनच आपल्याकडे बियांची पूड उवा मारण्यासाठीं डोक्यास चोळण्याची चाल आहे, आणि म्हणूनच ती पूड डोळ्यांत गेल्यानें बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा झाल्याचीं उदाहरणें आपल्या देशांतील नेत्रवैद्यांनीं नोंदविलीं आहेत.

या द्रव्यांचा योग्य साक्षीदार कोण? वसाम्ल नव्हे, रोटेनोन. तें डेरिस नांवाच्या वेलीच्या मुळांतून निघणारें जुनें कीटकनाशक, तेलाशीं ज्याचा कसलाही संबंध नाहीं. पण पेशींतील तोच दुवा तेंही बंद पाडतें. २००० मध्यें उंदरांवरील प्रयोगांत रोटेनोननें कंपवातासारखा विकार उत्पन्न केल्याचें प्रसिद्ध झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं कॅरिबियन समुद्रांतील ग्वादलूप बेटावरील वैद्यांनीं असें नोंदविलें होतें कीं, तेथें एका निराळ्या प्रकारच्या कंपवाताचे रुग्ण फार आढळतात आणि त्यांत सीताफळाच्याच कुळांतील सॉरसॉप नांवाचें फळ व त्याच्या पानांचा काढा घेणारे पुष्कळ आहेत. हा संबंध म्हणजे सिद्ध झालेलें कारण नव्हे, तो इशारा आहे, आणि तोही दुसऱ्या झाडाविषयींचा. सीताफळाचा गर आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या हंगामांत आनंदानें खात आले आहेत. आमच्या लेखाचा आधार घेऊन कोणी आमच्या डोंगरच्या फळास नांवें ठेवूं लागला तर तो आमचा अर्थ विपरीत करीत आहे. आमचें बोलणें बियांविषयीं, त्यांच्या अर्काविषयीं आणि तो रोज हाताळणाऱ्या मजुरांविषयीं आहे.

येथें जनुकीय परीक्षेची एक मर्यादाही उघड होते. समजा, एखाद्या विक्रेत्यानें बीच्या अर्काची एम्स परीक्षा करून ठिपके उगवले नाहींत असा दाखला आणला. तो दाखला खरा असला तरी तो एवढेंच सांगेल कीं जीवाणूंच्या लिखाणांत खाडाखोड झाली नाहीं. मज्जातंतूंचें काय, डोळ्यांचें काय, या प्रश्नांस तो मुकाच राहील. एका खटल्यांतील निर्दोष सुटका दुसऱ्या खटल्यांत चालत नाहीं, हें कोर्टाची पायरी चढलेल्या आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

'वनस्पतीचें आहे म्हणून निर्धोक' या समजुतीविषयीं तर खुद्द एम्स यांनींच १९९० मध्यें सावध केलें होतें. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं वनस्पति स्वसंरक्षणासाठीं स्वतःच कीटकनाशकें बनवितात, आणि त्यांपैकीं जीं थोडीं उंदरांवर तपासलीं गेलीं त्यांतील निम्म्यांच्या आसपास मोठ्या मात्रेंत कर्करोगकारक ठरलीं. यावरून भाजीपाला सोडावा असें त्यांनींही सुचविलें नाहीं. मनुष्याच्या खाण्यांत तीं अत्यल्प असतात. पण अर्क काढणें म्हणजे अत्यल्पाचें पुष्कळ करणें होय. दहा पोतीं बियांतील विष एका डब्यांत आणलें कीं 'झाडाचें आहे' हें वाक्य निरर्थक होतें.

आपल्या कायद्यालाही नात्याची कल्पना अपरिचित नव्हती. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या नवव्या कलमांत, एकानें नोंदविलेलें औषध दुसऱ्यास त्याच अटींवर नोंदवून मिळण्याची सोय केली गेली. पहिल्याच्या परीक्षा दुसऱ्याच्या कामीं येतात, असा त्याचा अर्थ. एकाच औषधापुरतें हें ठीक. पण औषध तेंच असलें तरी त्यांतील तेल, मिसळविणारें द्रव्य, अशुद्ध अंश हेही तेच आहेत काय, हा प्रश्न उरतोच. ग्लिसिडॉलच्या गोष्टींत दोष तेलाचा नव्हता, तेल तापविण्याच्या रीतीचा होता. एकाच नांवाचे दोन डबे दोन भट्ट्यांतून आले तर ते एक नव्हेत. आणि आपल्याकडे तर फवाऱ्याच्या एका टाकींत तीन-तीन औषधें, वर चिकटद्रव्य, वर टॉनिक अशी खिचडी करण्याची रूढी पडली आहे. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, तें दुःख विदर्भाइतकेंच मराठवाड्याचेंही आहे. तें तात्काळ मारणारें विष होतें, जनुकीय नव्हे. पण मिश्रणाचा निवाडा त्यांतील एकेका घटकाच्या नातलगावरून करतां येत नाहीं, हें तेथेंही लागू आहे.

युरोपांतील रसायन संस्थेनें २०१५ मध्यें नातलगाच्या साक्षी तपासण्याची एक पद्धतशीर चौकट प्रसिद्ध केली. तिचें सार आमच्या शब्दांत सांगावयाचें तर असें: दोघांचें रूप सारखें दिसतें एवढ्यानें भागणार नाहीं; शरीरांत दोघांचें काय होतें आणि तें सारखें कां होतें, हें दावा करणाऱ्यानेंच दाखविलें पाहिजे. ही जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे, ऐकणाऱ्यावर नाहीं. आमच्या मतें आपल्या संघानें खरेदीच्या वेळीं हाच दंडक लावावा. 'तेलजन्य व निर्धोक' म्हणून जो कोणी औषध, चिकटद्रव्य किंवा अर्क घेऊन येईल, त्याच्याकडून लेखी घ्यावें कीं परीक्षा याच द्रव्याची झाली कीं त्याच्या नातलगाची. नातलगाची असेल तर तो कोण, आणि पोटांत व यकृतांत गेल्यावर दोघांची वाट एक आहे याला आधार काय. परीक्षेंत यकृताचा अर्क मिसळला होता कीं नाहीं, तेंही विचारावें. शिवाय डब्यांत साखळीशिवाय आणखी काय आहे, याचा उल्लेख असावा. हा कागद आपणांपैकीं बहुतेकांस उलगडणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परभणीच्या कृषि विद्यापीठांत व अंबाजोगाईच्या केंद्रांत तो उलगडणारीं माणसें मिळतील. त्यांच्यापुढें ठेवण्यास हातांत कागद तरी पाहिजे. कागद देण्यास जो टाळाटाळ करील त्याचा माल संघाच्या दुकानांत ठेवूं नये. कोणी म्हणेल, अशानें स्वस्त माल हातचा जाईल. जाईल खरा. पण जो विक्रेता आपल्या मालाचा साक्षीदार कोण हें सांगूं शकत नाहीं, त्याचा माल स्वस्त कीं महाग, हें ठरविण्यासही आपल्याजवळ साधन उरत नाहीं.

सीताफळाचा हंगाम आश्विन-कार्तिकाचा. गर काढणाऱ्या सभासदांस आमची विनंति आहे कीं, बिया ओल्या असतांनाच वेगळ्या कराव्या, त्यांचीं पोतीं गोठ्यापासून व धान्यापासून दूर, कोरड्या जागीं ठेवावीं, आणि पोत्यावर मोठ्या अक्षरांत नांव घालावें. बी पेंडींत किंवा भरड्यांत मिसळूं नये; तिचें तेल खाण्याच्या घाण्यांत काढूं नये, कारण घाण्याच्या लाकडांत मुरलेलें तेल पुढच्या करडईंत उतरतें. बी दळावयाची झाल्यास दळणाऱ्यानें तोंडास फडकें व डोळ्यांस चष्मा लावावा, आणि पूड मुलांच्या डोक्यास चोळण्याची चाल घरोघर बंद करावी. अर्क विकत घेणारे व्यापारी आले तर वर सांगितलेला कागद आधीं मागावा व भावाची गोष्ट मग काढावी. तो कागद ज्यांस मिळेल त्यांनीं त्याची नक्कल संघाच्या कचेरींत आणून द्यावी. ती जाणत्यांकडून तपासून घेऊन त्यांचा अभिप्राय याच पानांत छापण्याची व्यवस्था आम्ही करूं.